वेचून झालेलं वावर

"याचं मूळ गाव कोणतं?"

इंग्रजी शब्द दिसला की तो हेच विचारायचा. दुकानाची पाटी असो, ट्रकच्या मागचं लिहिणं असो, नाहीतर खोकल्याच्या औषधाची बाटली. जीपचा वेग आपोआप कमी व्हायचा, मान खिडकीतून बाहेर यायची, आणि लग्नात एखाद्या अनोळखी पाहुण्याकडे बोट करतात तसं तो त्या शब्दाकडे बोट करायचा. "मिस्त्री, हा कोण्या गावचा असन?"

मी म्हणायचो, "भाई, आधी गाडी सरळ चालव. तो शब्द जाते कुठं?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. पोटापाण्याचा धंदा एक आणि जीव अडकलेला दुसरीकडेच. आपण अशा माणसाला हसतो, आणि तो गेल्यावर आपल्यालाच त्याचं बोलणं आठवत बसतं. भाईचं नाव मी लिहीत नाही. त्याला आवडणार नाही. तालुक्याचंही लिहीत नाही, कारण ऑफिसातले काही लोक अजून नोकरीत आहेत आणि मला कोणाची खोडी काढायची नाही. मारेगाव-राळेगावच्या बाजूचा कापसाचा मुलूख, एवढं धरून चाला.

पाणीपुरवठ्याच्या सरकारी ऑफिसात मी हातपंप दुरुस्त करायचो आणि तो जीप चालवायचा. मागे पाइप, रॉड, पाने. पुढे आम्ही दोघं. अशी पंधरा वर्षं गेली. मी चौथीपर्यंत शिकलो. त्याची मला लाज नाही. हाताला जे कळतं ते पुस्तकात नसतं, असं मी तेव्हाही म्हणायचो, आजही म्हणतो.

भाई मूळचा यवतमाळचा, बापाचं सायकलचं दुकान. उंच माणूस. जीपच्या टपाला डोकं लागू नये म्हणून मान जरा तिरकी ठेवायचा, आणि खाली उतरल्यावरही ती तिरकीच राहायची. बोलणाऱ्याला वाटायचं, हा माझं किती लक्ष देऊन ऐकतो. खरं म्हणजे ऐकायचाही.

एकदा मी त्याला विचारलं, "तुले हे इंग्रजीचं खूळ लागलं कसं?"

तो म्हणाला, "मॅट्रिकले दोनदा पाडलं तिनं मले. तवापासून तिच्या खानदानाचा पत्ता काढून राह्यलो."

जीपच्या कप्प्यात एक जाडजूड शब्दकोश असायचा. रद्दीतून घेतलेला, पुठ्ठा नाही, सुरुवातीची पानं उंदरांनी नेलेली. आमच्या जीपमध्ये इंग्रजी भाषा 'बी'पासून सुरू व्हायची. शब्दापुढे कंसात बारीक अक्षरांत त्याचं मूळ दिलेलं असतं, हे त्यानंच मला दाखवलं. ती अक्षरं त्याला पुरती लागायची नाहीत. मग रेंज असलेल्या जागी गाडी उभी करून तो यवतमाळला कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला फोन लावायचा. "बेटा, फुरसत है क्या? एक लफ्ज है."

पेट्रोल म्हणजे दगडाचं तेल, हे कळलं तेव्हा त्यानं ते पंपावरच्या माणसाला मोठ्या कौतुकानं सांगितलं. तो माणूस भडकला. "दगड कायले मिसळू आम्ही? तक्रार करायची असन तं मालकाकडे जा." त्यानंतर महिनाभर आम्ही दुसऱ्या पंपावर गाडी नेली.

एक दिवस त्यानं मलाच गाठलं. "मिस्त्री, तुम्ही इथले नाही."

"म्हणजे?"

"मिस्त्री हा शब्द पोर्तुगालचा. जहाजावर बसून आला."

मला राग आला. सात पिढ्या आमच्या याच मातीत गेल्या आणि हा मला जहाजावर बसवतो! दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं डबा उघडला, अंड्याची भाजी माझ्या भाकरीवर वाढली आणि म्हणाला, "पूरी बात तं ऐका. तिकडे त्याचा अर्थ उस्ताद होते."

मी भाजी खाल्ली. पण तो शब्द तेवढा वाईट नाही, हे काही मी त्याला सांगितलं नाही.

आता ज्या उन्हाळ्याबद्दल मला सांगायचं आहे तो उन्हाळा. माझी नोकरी संपत आली होती आणि भाईची माझ्याही आधी संपणार होती. ऑफिसनं जीपच्या काचेवर एक कागद चिकटवला. वर मराठीत टंचाई, खाली इंग्रजीत मोठ्या अक्षरांत स्केअरसिटी. आत बसलं की उन्हानं ती अक्षरं कागदातून उलटी दिसायची. भाई गाडी चालवता चालवता ती उलटी वाचायचा.

"मिस्त्री, हा कोण्या..."

"हा शब्द मले माहीत हाय," मी त्याला मधेच तोडलं. "बहात्तरच्या दुष्काळात माझ्या मायनं या शब्दावर खडी फोडली. त्या कामालेच लोक स्केअरसिटी म्हणत. सकाळी फडक्यात भाकर बांधून म्हणे, स्केअरसिटीवर चालली. याचं गाव मले नको सांगू."

भाईनं गिअर बदलला आणि म्हणाला, "तुमच्या मायचा अनुभव मोठाच. पण शब्द तिच्यापाशी येण्याआधी कुठं होता, एवढं पाहू द्या."

दुपारी आम्ही मोहाच्या झाडाखाली भाकरी खात होतो तेव्हा मुलीचा फोन आला. त्यानं तो स्पीकरवर टाकून दगडावर ठेवला.

"अब्बा, लॅटिन से निकला. एक्स मतलब बाहर, कार्पेरे मतलब तोडना, चुनना. फिर फ्रान्स होते हुए इंग्लंड गया. सीधा मतलब, चुन के निकाला हुआ."

भाईचा घास हातातच राहिला. "चुनना? कपास चुनते वैसा?"

"हां, वैसाच. और सुनो. हार्वेस्ट है ना, फसल, उसकी जड भी वहीच है."

फोन बंद झाला. भाई माझ्याकडे पाहून म्हणाला, "मिस्त्री, सुगी अन् टंचाई एका मायच्या लेकी निंगाल्या!"

"मग मायनं एकीले दूरच्या मुलखात देली," मी म्हटलं, "अन् दुसरीले आमच्या तालुक्यात."

तो हसला. पण मला ते पटलं नव्हतं आणि न पटलेलं मी सोडत नाही. "वेचलं तं घरात कापूस येते. वेचण्यातून टंचाई कशी निंगन?"

"घरात येते," तो म्हणाला. "वावरात काय राह्यते?"

मी म्हटलं, "पाणी दे इकडे." उत्तर नसलं की मी पाणी मागतो.

त्याच आठवड्यात टेकडीवरच्या पोडाची पाहणी होती. पोड म्हणजे कोलाम लोकांची वस्ती. वीस-बावीस घरं, मध्ये एक हातपंप, त्याला ते बोरिंग म्हणायचे. आठ दिवसांआधी मीच त्या पंपाला नवीन वॉशर टाकले होते. पाहणी करणारे साहेब नवीन होते, वयानं तरुण, मन लावून काम करणारे. त्यांना सांगून ठेवलेलं होतं की जिथला हातपंप चालू, तिथे टंचाई नाही. ते स्वतः हँडल मारून पाहत, मोबाइलवर फोटो काढत, आणि जागा-वेळेसकट तो फोटो तिथल्या तिथे वर पाठवत. गावांची यादी दोन दिवसांत जिल्ह्याला जायची होती. यादीत नाव असलं तर टँकर आणि पुढे नवीन बोअर. नाव नसलं तर पाऊस येईपर्यंत तसंच.

आम्ही पोहोचलो तेव्हा साहेब मोटारसायकलवर आधीच आलेले होते. पंपाचा ओटा झाडून लख्ख केलेला. बाजेवर धुतलेली गोधडी अंथरलेली. पोडाचा नाईक, म्हणजे त्यांचा मुखिया, पांढरा सदरा घालून उभा. साहेबांनी हँडल मारलं. दोन-तीन हिसक्यांत मनगटाएवढी धार पडली.

"घ्या जी, हात धुवा, तोंड धुवा," नाईक म्हणाला. "पान्याची काई कमी नाई आमच्याकडे."

साहेबांनी तोंड धुतलं, फोटो काढला आणि मला विचारलं, "मिस्त्री, पंप कसा आहे?"

"एक नंबर, साहेब. माझ्या हातचा हाय."

त्यांनी लिहून घेतलं आणि ते पुढच्या गावाला गेले. माझी छाती भरून आली होती, ते मी लपवत नाही.

हे चाललं होतं तेव्हा भाई तिथे नव्हता. जीप चढावर तापली होती. पंपावर साहेब आहेत म्हणून तो रेडिएटरसाठी पाणी मागायला एका घरी गेला. घरातली बाई दारात आली. तिच्या मागे भिंतीला लागून पाण्याचे पितळी गुंड ठेवलेले, सगळे पालथे. दिवस वर आला होता. या वेळेला गुंड भरलेले असायला पाहिजेत.

"पानी नाई भरलं वं बाई आज?" भाईनं विचारलं.

"सायेब गेले का भरतो, दादा. कालपासून कोनं बोरिंगले हात नाई लावला."

"काहून?"

"पाव्हणे येनार व्हते ना. चार-दोन घरचं भरलं का सुकते ते, मंग चार घंटे काई नाई. पाव्हण्यापुढं सुकलं तं नाईकाचं तोंड कसं दिसन?"

"मग कालपासून पिता काय?"

"नाल्यात झिरा खोदला हाय. लेकरं आणते तिथून वाटी-वाटीनं."

भाई पंपावर आला आणि मला बाजूला घेऊन त्यानं हे सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "पंप चालू हाय. म्या सांगितलं ते बरोबर सांगितलं."

"मिस्त्री, दिवसभर झाकून ठेवलेलं पाणी पाह्यलं साहेबानं."

"पंप चालू हाय."

"चालू हाय, ते मले बी दिसते," तो म्हणाला. "जरा इथं उभं राहू."

बाया आल्या. एकीनं हँडल धरलं, दुसरीनं गुंड लावला. मी हाताची घडी घालून उभा राहिलो. पाच, सहा, सात. नवव्या गुंडाला धार बारीक झाली आणि हँडल हलकं पडलं. ज्यानं कधी हातपंप मारला असेल त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पाणी असलं की हँडल हाताला वजन देतं. नसलं की ते रिकाम्या पाळण्यासारखं हलतं. मी ते दुसऱ्याच्या हातात असतानाही ओळखलं.

"वॉशर सरकलं असन," मी म्हटलं.

आणि भर दुपारी मी पंप खोलला. पोडातली चार माणसं मदतीला घेतली, सगळे पाइप वर ओढले, रॉड काढले. भाईनं सदरा काढून ठेवला आणि तोही पाइपाला लागला. ते त्याचं काम नव्हतं. सिलिंडर उघडलं. वॉशर होते तसेच, नव्यासारखे, एक चीरसुद्धा नाही. तुम्हाला खरं सांगतो, मला ते फाटलेले पाहिजे होते.

मी ओट्यावर बसून राहिलो. भाई माझ्या बाजूला बसला. त्याच्या हाताला ग्रीस लागलं होतं, ते तो गवतानं पुसत होता.

"मिस्त्री," तो म्हणाला, "पंप चांगला हाय. तुमचं काम बी चांगलं हाय. वावर वेचून झालं."

एवढंच बोलला. मी पंधरा वर्षं त्याच्या शब्दांना हसलो होतो. त्या दिवशी मला हसू आलं नाही. मी खाली पाहत होतो आणि मला पहिल्यांदा त्या ओट्याखालची जमीन दिसली. पंपाच्या खाली काय आहे याचा विचार मी कधी केलाच नव्हता. माझं काम पाइपाच्या शेवटच्या टोकाला संपायचं.

पंप परत बसवला आणि भाईनं नाईकाला सांगितलं, "उद्या ऑफिसात चला. साहेबाले खरं काय ते सांगा."

नाईकानं मान हलवली. "म्या नाई सांगनार. पानी नसलेलं पोड म्हनून नाव लागलं तं आमच्या पोराईले पोरी कोन देईन? अन् आज ज्याले तोंड धुवाले पानी देलं त्याले उद्या म्हनू का म्या खोटं बोललो?"

"नाईक, साहेबाचा पाहुणचार झाला," भाई म्हणाला. "आता पोडाचा करा."

नाईकानं टाचेनं माती उकरली. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मिस्त्रीनं सांगावं. एक नंबर तं त्यायनंच म्हटलं."

नाईक माझ्यासारखाच निघाला. हट्टी माणसाला हट्टी माणूस लगेच ओळखू येतो. त्याचा राग करायला मला जागाच उरली नाही.

परतताना जीपमध्ये मी म्हटलं, "तूच सांग साहेबाले. तुले बोलता येते."

"ड्रायव्हरचं कोण ऐकते, मिस्त्री? पंपाबद्दल तुमचा शब्द चालते. त्याच्याचमुळे नाव कटलं, त्याच्याचमुळे लागन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिलो. भाई दाराबाहेर उभा होता. ड्रायव्हरनं आत यायचं नाही अशी पद्धत. पण दार त्यानं बोटभर उघडं ठेवलं होतं, ते मला दिसत होतं.

"साहेब, त्या पोडाचं नाव यादीत घ्या."

"काल तुम्हीच म्हणालात, एक नंबर."

"पंप काल बी एक नंबर होता, आज बी हाय. पंपाबद्दल माझी तक्रार नाही."

"मग अडचण काय आहे?"

आयुष्यात मी दिलेला शब्द फिरवला नव्हता. आणि आता या पोराएवढ्या साहेबापुढे तो फिरवायचा, तेही असा की माझ्या कामाला बट्टा लागू नये. मी विचारलं, "साहेब, तुमच्या घरी वावर हाय?"

"आहे. वडील करतात. कापूसच असतो."

"मग वेचून झालेल्या वावरात चांगली वेचणारी बाई पाठवून पाहा. हात कितीही चालाख असन तिचा, पऱ्हाटीवर बोंडच नाही तं ओटीत काय येईन? त्या बोरचं तसं झालं हाय. नऊ गुंड देते, मग चार घंटे काही नाही. तुम्ही येणार म्हणून त्यायनं एक दिवस हात नाही लावला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "फोटो वर गेला आहे, मिस्त्री."

"तो पहिल्या गुंडाचा हाय," मी म्हटलं. "दहाव्याचा काढा."

मला वाटलं, आता हाकलतात. साहेब उठले आणि म्हणाले, "गाडी काढायला सांगा. आधी कोणाला फोन करू नका."

सांगायला दार उघडलं तर भाई तिथे नव्हताच. खालून जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

वाटेत भाईनं साहेबांना विचारलंच. "सर, काचेवरचा शब्द कोण्या गावचा, माहीत हाय?" साहेब इंजिनिअर झालेले, त्यांना सांगता येईना. भाईनं लॅटिनपासून सुरुवात केली ती टेकडी येईपर्यंत. मी मागे पाइपांजवळ बसलो होतो. मला वाटलं, हा माणूस आज नोकरी घालवतो. पण मध्येच साहेब म्हणाले, "परत सांगा, फ्रान्सनंतर कुठे गेला?"

पोडात कोणाला खबर नव्हती. बायांचं पाणी भरून झालेलं. साहेबांनी स्वतः हँडल धरलं. वीस मिनिटं मारलं. सदरा अंगाला चिकटला, पण पंपातून थेंब पडला नाही, नुसता हवेचा आवाज. नाईक धावत आला. पाहुणा दारात आणि हातात द्यायला तांब्या नाही. तो उभा राहिला, इकडे तिकडे पाहिलं आणि शेवटी म्हणाला, "सायेब, आज पानी नाई."

"तेच लिहायला आलो, नाईक," साहेब म्हणाले.

नाईकानं घरातून पळसाच्या पानावर टेंभरं आणून दिली. जंगलातलं फळ, पिवळं, गोड. "पानी नाई तं हे खा." साहेबांनी ओट्यावर बसून ती खाल्ली आणि तिथेच बसून रिकाम्या पंपाचा फोटो काढला.

पोडाचं नाव त्याच दिवशी यादीत गेलं. चौथ्या दिवशी टँकर चढला. नाईकाची भीतीही खोटी ठरली. त्याच उन्हाळ्यात पोडात दोन सुना आल्या, आणि वऱ्हाडाला पाणी टँकरचंच होतं. साहेब पुढे प्रत्येक गावात दहावा गुंड भरेपर्यंत थांबायला लागले. तशी आणखी काही गावं सापडली. भाईचं नाव कोणत्या कागदावर आलं नाही, आणि त्यानंही कधी विचारलं नाही. त्यानं फक्त काचेवरचा कागद उन्हानं फाटायला लागला तेव्हा जपून काढला, घडी केली आणि मुलीला दाखवायला घरी नेला.

पावसाळ्यानंतर त्याचे डोळे बिघडले. काचबिंदू निघाला. काही दिवस त्यानं कोणाला कळू दिलं नाही. मला कळलं, कारण तो रस्त्यावरच्या पाट्या मला वाचायला सांगू लागला. मला इंग्रजी कुठलं येतं? मी अक्षरांचे आकार सांगायचो.

"पहिलं एका पायरीची शिडी. मग अंडं. मग हातोडा. मग दात पडलेली फणी. शेवटी सुताराचा गुण्या."

तो डोळे बारीक करून जोडत बसायचा. "शिडी, अंडं, हातोडा... हॉटेल!" आणि त्याला असा आनंद व्हायचा की पाटी त्यानंच वाचली. लगेच पुढे, "मिस्त्री, याचं गाव माहीत हाय? मुळात अर्थ पाव्हणा. हॉस्पिटल बी याचाच भाऊ."

मग एक दिवस मीच त्याला म्हटलं, "भाई, आता किल्ली ठेवून दे." मला वाटलं होतं तो चिडेल. त्यानं गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि किल्ली माझ्या हातात दिली. मला गाडी चालवता येत नव्हती. दोघंही रस्त्याच्या कडेला बसून एसटीची वाट पाहत राहिलो.

मुलीला नागपूरला नोकरी लागली आणि ती त्याला घेऊन गेली. त्याच्या जागी नवीन ड्रायव्हर आला. चांगला होता, वेळेवर यायचा, पाट्यांकडे पाहायचा नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला पोडाचा नवीन बोअर मंजूर झाला. या वेळी जागा टेकडीवर धरली नाही, खाली नाल्याच्या अंगाला धरली. मशीन आली, धूळ उडाली, मग चिखल उडाला, मग पाणी. पंप बसवायचं काम माझं. माझ्या नोकरीतला तो शेवटून दुसरा पंप. रॉड जोडले, साखळी लावली, बोल्ट कसले. बाया गुंड घेऊन उभ्या, नाईक बाजूला. मी पहिलं हँडल मारायच्या आधी खिशातला फोन काढला आणि नागपूरला लावला.

"कोण? मिस्त्री?"

"पोडावर हाय," मी म्हटलं. "पंप बसवला."

"पाणी?"

मी म्हटलं, "थांब," आणि फोन डाव्या हातात धरून पंपाच्या तोंडाजवळ नेला. उजव्या हातानं हँडल मारायला लागलो. धार गुंडात पडली. आधी पितळेचा मोठा आवाज, मग गुंड भरत आला तसा जाड, बुडबुड आवाज. एक गुंड उचलला, दुसरा लागला. बाया बोलत होत्या, हसत होत्या, कोणीतरी कोणाला म्हणालं, "माह्या लेकराले आधी भरू दे वं." मी मारत राहिलो. किती गुंड झाले ते मी मोजले नाहीत.

हात भरून आला म्हणून मी थांबलो आणि फोन कानाला लावला. वाटलं, त्यानं ठेवून दिला असेल.

"काहून थांबले?" पलीकडून तो म्हणाला.

मी फोन परत धारेजवळ धरला.